भूमिका आधी घरी उभी राहते

भीमजयंती जवळ आली की वस्त्यावस्त्यांतून नाटकाच्या तालमी सुरू होतात. दिग्दर्शक बहुधा नोकरी करणारा असतो. रात्री नऊला येतो, अकराला जातो. तोवर कलावंत ‘सर सांगतील तसं करू’ म्हणून बसून राहतात. इथेच चूक होते. स्वतःच स्वतःचा दीप व्हा, हा तथागतांचा उपदेश नटालाही लागू आहे.

आमच्या वस्तीतील मुलांनी महाडच्या सत्याग्रहावर एकांकिका बसवली. चवदार तळ्यावर पाणी पिणाऱ्या म्हाताऱ्याची भूमिका गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका मुलाकडे होती. आदल्या वर्षी एका स्पर्धेत त्याच्या ‘न’ आणि ‘ण’वरून परीक्षक हसले होते. तेव्हापासून त्याने धास्तीच घेतली होती. शुद्ध बोलण्याच्या भीतीने तो वाक्ये घोकायचा आणि उभा राहिला की विसरायचा.

मी म्हटले, "बाळा, संवाद राहू दे. हा म्हातारा कोण, ते आधी शोध." त्याने वहीत चार प्रश्न लिहिले : मी कोण? कुठून आलो? मला काय हवे आहे? आड काय येते? उत्तरांसाठी त्याने वाचन केले. २० मार्च १९२७ चा दिवस, परिषदेतून तळ्याकडे निघालेली मिरवणूक, बाबासाहेबांनी घेतलेले ओंजळभर पाणी, नंतर देवळात शिरणार अशी अफवा उठवून झालेला हल्ला, हे सारे टिपून घेतले. मग आजीला विचारले, "आजे, तुझ्या लहानपणी पाणी कसं देत व्हते गं?" आजीने दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरून दाखवली. देणारा वरून ओतायचा. भांडे लागू द्यायचा नाही.

तालमीत त्याने तेच केले. म्हातारा तळ्याकाठी बसतो, सवयीने ओंजळ तोंडाशी धरतो, वर पाहतो. वर ओतणारे कोणीच नाही! क्षणभर थांबून तो वाकतो आणि आपल्या हाताने पाणी घेतो. हे संहितेत नव्हते, दिग्दर्शकानेही सांगितले नव्हते. प्रयोगात त्या क्षणी कित्येक बायांनी डोळ्यांना पदर लावला. संवाद त्याने आजीच्याच बोलीत म्हटले आणि एकही विसरला नाही.

आपल्या कलावंतांनी एवढे जरूर करावे :

१) फक्त आपलेच संवाद नव्हे, सारे नाटक तीनदा वाचावे. आपली भूमिका स्वहस्ते वहीत उतरवावी.

२) प्रवेश करण्यापूर्वी आपण कुठे होतो, काय करीत होतो, हे ठरवावे.

३) काठी, लोटा, डोईचे मुंडासे पहिल्या दिवसापासून वापरावे.

४) समोरच्याचे संवाद घरच्या माणसाकडून वाचून घ्यावेत. मोबाईलवर आपला आवाज ऐकावा.

५) भूमिका प्रमाण भाषेची असेल तर रोज दहा मिनिटे वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे. उच्चार सरावाने येतात, जातीने नव्हे. आणि बोलीची भूमिका असेल तर बोलीची लाज कशाला?

६) दिग्दर्शकापुढे जाताना आपण शोधलेले काहीतरी घेऊन जावे. तो नको म्हणाला तर रागावू नये; शोध वाया जात नाही.

७) प्रयोगात शब्द आठवला नाही तर घाबरू नये. या माणसाला आता काय हवे आहे, एवढे आठवावे.

भीमराव कर्डकांच्या जलशाने गावोगाव चळवळ नेली. १९५५ साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ बाबासाहेबांसमोर झाले. रंगमंच आपल्याला कोणी दान दिलेला नाही. मग त्यावर उभे राहताना आपल्या मुलांनी मान खाली का घालावी? पालकांनो, तालमीला जाणाऱ्या मुलाला ‘नाचगाणी सोड’ म्हणू नका. रात्री अर्धा तास त्याची वही हातात घ्या आणि समोरच्याचे संवाद तुम्ही वाचा.

जयभीम!