घोरणारे मूल गाढ झोपलेले असतेच असे नाही

आमच्या चौथीच्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. दुसरा तास सुरू झाला की त्याची मान खाली जायची, तोंड उघडे पडायचे आणि पाढे म्हणणाऱ्या पोरांच्या गलक्यातही तो झोपून जायचा. आम्ही त्याला उभे केले, तोंड धुवायला पाठवले. एकदा तर भर वर्गात विचारले, "काय रे, रात्रभर मोबाईल बघतोस काय?" सगळी पोरे हसली. तो मात्र काहीच बोलला नाही.

मग आम्ही त्याच्या अम्मीला बोलावून घेतले. ती म्हणाली, "सर, मोबाईल घरात एकच, तोही याच्या अब्बूंबरोबर कामावर जातो. हा नऊला झोपतो आणि सकाळी सहाला मकतबसाठी उठतो. झोप तर इतकी गाढ, की घोरणे शेजारच्या खोलीत ऐकू येते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "अजून अंथरूण ओले करतो. सांगायला लाज वाटते."

नऊ तास झोपूनही मूल पेंगते, हे कोडे आम्हाला सुटेना. पुढे शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले. डॉक्टरांनी त्याचा घसा पाहिला आणि आम्हाला जवळ बोलावले. दोन्ही बाजूंचे टॉन्सिल सुजून जवळजवळ एकमेकांना टेकले होते. डॉक्टर म्हणाले, "हा रात्री झोपत नाही सर, श्वासासाठी झगडतो." ते ऐकून आमची मान खाली गेली.

घोरण्यामागे काय असते?

घशातले टॉन्सिल आणि नाकामागची ॲडेनॉइडची गाठ साधारण दोन ते आठ वर्षे वयात श्वासनलिकेच्या मानाने मोठी असतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. वाट आधीच अरुंद असेल तर ती बंद होते, श्वास काही सेकंद अडतो आणि रक्तातला प्राणवायू कमी होतो. मग मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास सुरू करतो. रात्रभर असे होत राहिले तरी सकाळी मुलाला त्यातले काही आठवत नाही. मुलांमधला हा आजार वैद्यकशास्त्राने नीट नोंदवला तो १९७६ साली, आठ मुलांच्या अभ्यासातून.

सर्दी असताना चार दिवस घोरणे वेगळे. पण मूल आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरत असेल, मध्येच श्वास थांबून दचकत असेल, मान मागे टाकून किंवा तोंड उघडे ठेवून झोपत असेल, घामाघूम होत असेल, सकाळी डोके दुखते म्हणत असेल, मोठे होऊनही अंथरूण ओले करत असेल, तर त्याला डॉक्टरांना दाखवावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. झोप अपुरी झालेला मोठा माणूस पेंगतो, लहान मूल मात्र पुष्कळदा उलट चळवळे आणि चिडखोर होते. वर्गात आपण त्यालाच मस्तीखोर म्हणतो.

निदान घरातूनच सुरू होते

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे एका वहीत नोंद ठेवा: मूल कधी झोपले, कधी उठले, रात्री किती वेळा जागे झाले, दिवसा कधी पेंगले. घोरताना मोबाईलवर दोन मिनिटांचे चित्रीकरण करा. ही वही आणि ते चित्रीकरण डॉक्टरांच्या फार कामाचे असते.

कान-नाक-घसा तज्ज्ञ घसा तपासतात. गरज पडल्यास एक्स-रे काढतात किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहतात. पक्के निदान रात्रभराच्या झोपेच्या तपासणीने होते. अंगावर तारा चिकटवून श्वास, प्राणवायू, हृदयाचे ठोके आणि मेंदूची हालचाल नोंदवतात. सुई टोचत नाहीत. आई जवळ थांबू शकते. मोठ्यांमध्ये तासाला पाचपर्यंत अडथळे चालवून घेतात. लहान मुलांमध्ये एकाहून जास्त आले तरी डॉक्टर त्याची दखल घेतात.

आजार सौम्य असेल तर नाकात मारायचा औषधी फवारा देऊन काही काळ वाट पाहता येते. जास्त असेल तर टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढतात. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच ते नऊ वर्षांची ४६४ मुले होती. सात महिन्यांनी पाहिले तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सुधारून योग्य मर्यादेत आली होती. नुसते लक्ष ठेवलेल्यांमध्ये हे प्रमाण ४६ टक्के होते. शस्त्रक्रिया झालेल्यांची वागणूकही जास्त सुधारली. लक्ष देण्याच्या चाचणीत मात्र ठळक फरक पडला नाही. म्हणून घाई नको आणि टाळाटाळही नको. शस्त्रक्रियेनंतरही घोरणे राहिले, विशेषतः वजन जास्त असेल, तर पुन्हा तपासणी करून घ्यावी. काहींना झोपताना हवेचा दाब देणारे यंत्र लागते.

रात्री किंचाळणारे मूल

काही घरांत वेगळाच त्रास असतो. मूल झोपल्यावर तासा-दोन तासांनी किंचाळत उठून बसते, डोळे उघडे असतात, पण आईलाही ओळखत नाही. दादी म्हणते, असर झालाय. मग आमिलाकडे चकरा सुरू होतात. हा बहुतेक वेळा गाढ झोपेतून अर्धवट जागे होण्याचा प्रकार असतो. सकाळी मुलाला काही आठवत नाही. वाईट स्वप्न उत्तररात्री पडते आणि ते आठवते, हा दोन्हींतला फरक. ताप, थकवा आणि अपुरी झोप यांनी हा त्रास वाढतो, घराण्यातही तो दिसतो आणि बहुतेकांचा वयात येईपर्यंत थांबतो. अशा वेळी मुलाला हलवून जागे करू नये. फक्त पडणार नाही, लागणार नाही एवढे पाहावे. रोज ठरावीक वेळी होत असेल तर त्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी हळूच जागे करून पुन्हा झोपवल्याने पुष्कळांना गुण येतो. पण एका रात्रीत अनेकदा होत असेल, अंग ताठ होत असेल, झटके येत असतील, तर मिरगीची शंका घेऊन मेंदूची तपासणी करावी लागते.

दुआ जरूर करावी. पण उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्याला प्रेषितांनी (स.) दिलीच आहे.

घरात काय करावे?

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास, सहा ते बारा वयात ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वयात ८ ते १० तास झोप लागते. इशानंतर गप्पा मारत बसणे प्रेषितांना (स.) आवडत नसे. आपल्या घरांत मात्र टीव्ही आणि मोबाईल इशानंतरच रंगतात. झोपेच्या तासभर आधी पडदे बंद करावेत आणि उठण्याची वेळ सुट्टीतही फारशी बदलू नये. रमजानमध्ये सहरीला उठणाऱ्या मुलांना रात्री लवकर झोपवावे, दुपारी थोडे पडू द्यावे. रात्री पाय वळवळतात, चैन पडत नाही अशी तक्रार असेल तर रक्तातले लोह तपासून घ्यावे. लोहाच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. झोप यावी म्हणून खोकल्याचे औषध तर कधीच पाजू नये.

त्या मुलाची शस्त्रक्रिया दिवाळीच्या सुट्टीत झाली. अंथरूण ओले होणे हळूहळू कमी झाले. पाढे अजून चुकतात, पण आता ते जागेपणी चुकतात आणि जागेपणीची चूक आम्हाला शिकवता येते. ज्या वर्गासमोर त्याला हसू आणले होते, त्याच वर्गासमोर आम्ही त्याची माफी मागितली. तो लाजला आणि म्हणाला, "जाऊ द्या सर."

आता वर्गात कुणी पेंगले तर आम्ही आधी त्याच्या घरी जातो आणि विचारतो, रात्री हा झोपतो कसा?