समुद्राच्या गाळात पावसाची वही

राब भाजून झाले, रोहिणीत दाढ पेरली आणि मृग कोरडा गेला, की मावळात पारावर एकच वाक्य ऐकू येते, "असा पाऊस कधी बघितला न्हाई." म्हातारी माणसे फार तर 1972 चा दुष्काळ सांगतात, कुणी जुलै 2005 ची अतिवृष्टी सांगतो. सरकारी दप्तरही फार मागे जात नाही. आपले हवामान खातेच मुळी निघाले 1875 साली. मग आताचा लहरीपणा खरोखर नवा, की त्याआधीही पाऊस असाच वागत होता?

वाचकहो, याचे उत्तर सह्याद्रीच्या काळ्या कातळात शोधू नका. तो लाव्हाचा दगड, सहा कोटी वर्षांहून जुना. आपल्याला हवी आहे ती वही समुद्राच्या तळाशी, चिखलात आहे.

तसा तो चिखल अगदी परका नाही. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर उभे राहा. कोकणाकडे पडलेला पाऊस उल्हास नदीतून वसईच्या खाडीकडे जातो. मागे कुरवंड्याकडे पडलेला इंद्रायणीत उतरून भीमा, कृष्णा करीत बंगालच्या उपसागराला मिळतो. (त्यातले काही पाणी टाटांच्या धरणांतून 1915 पासून खोपोलीला वळवलेले आहे, तेही पाताळगंगेतून अरबी समुद्रालाच जाते.) पाण्याबरोबर डोंगराची माती जाते आणि तळाशी थर बसतो. खाली जुना, वर नवा.

त्या थरात असतात फोरॅमिनिफेरा. नाव अवघड आहे, पण जीव साधा, एकाच पेशीचा. बहुतेक खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. अंगावर चुन्याचे कवच. जीव मरतो, कवच तळाशी जाते आणि हजारो वर्षे टिकते. नळी खुपसून गाळाचा उभा दांडा काढायचा, त्याच्या चकत्या करायच्या, बारीक चाळणीवर धुवायच्या, वाळवायच्या. मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने एकेक कवच वेचायचे. तांदूळ निवडण्यापेक्षा किचकट काम, बरं का! कवचातल्या कार्बनवरून थराचे वय काढतात. जड आणि हलक्या ऑक्सिजनचे प्रमाण पाहून पाणी किती ऊबदार होते, नदीचे गोडे पाणी किती मिसळले होते, याचा माग लागतो.

हे काम आपल्या शेजारीच चालते. गोव्यात दोनापावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, 1966 साली स्थापन झालेली. तिथल्या राजीव निगम यांनी आणि सहकाऱ्यांनी कारवारजवळच्या समुद्रातला गाळ तपासला. कवचाचा अगदी पहिला कप्पा, म्हणजे जिवाची पहिली खोली म्हणा, तिचे माप त्यांनी थराथराने घेतले. अवर्षणाचे सुमारे 77 वर्षांचे चक्र त्यातून दिसते आणि सूर्याच्या चक्राशी त्याचा संबंध असावा, असे त्यांनी 1995 साली मांडले. एका ठिकाणच्या गाळावरून साऱ्या सह्याद्रीचे पंचांग मांडता येत नाही, हे खरे. तरी आकडा विचार करायला लावणारा आहे.

दुसरी नोंद ओमानच्या बाजूची. तिथे नैर्ऋत्य वारे जोरात वाहिले की खालचे थंड पाणी वर येते आणि 'ग्लोबिजेरिना बुलॉयडिस' नावाची जात फोफावते. कवचे जास्त, म्हणजे वारे जोरदार. हा हिशेब मांडून अँडरसन, ओव्हरपेक आणि अनिल गुप्ता यांनी 2002 साली दाखवले, की सन 1600 च्या सुमारास वारे मंद होते आणि पुढची चारशे वर्षे त्यांचा जोर वाढत गेला. अर्थात हा वाऱ्याचा हिशेब आहे. लोणावळ्यात किती इंच पडला, ते त्यात लिहिलेले नाही.

2015 साली तर 'जॉइडिस रेझोल्युशन' या जहाजाने अरबी समुद्राच्या तळाखाली 1,100 मीटरपर्यंत छिद्र पाडले. त्या गाळात लाखो वर्षांची पाने आहेत.

यंदा आवण कधी काढायचे, हे कवचांना विचारून कळणार नाही. त्यासाठी आर्द्राकडेच बघावे लागेल. मग उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. उपयोग धरणाचा सांडवा, ओढ्यावरचा पूल आणि गावाची पाणीयोजना आखताना. हे सारे आपण मोजलेल्या पावसावर बेततो. 77 वर्षांचे चक्र खरे धरले, तर तीस-पस्तीस वर्षांच्या मोजणीत त्याची निम्मी बाजूसुद्धा दिसत नाही.