मॅट टॅलबटची तीन महिन्यांची शपथ

रविवार, दि. ७ जून १९२५. पवित्र त्रैक्याचा सण होता. आयर्लंडची राजधानी डब्लिन येथील ग्रॅन्बी लेन नावाच्या अरुंद गल्लीतून एक एकोणसत्तर वर्षांचा कृश मजूर मिस्सेसाठी देवालयाकडे निघाला होता. वाटेतच तो कोसळला आणि तेथेच त्याचा प्राण गेला. भोवती जमलेल्या लोकांपैकी कोणीही त्यास ओळखले नाही. लाकडाच्या वखारीत राबणाऱ्या या मजुराचे नाव मॅट टॅलबट. पुढे १९७५ साली पोप पॉल सहावे यांनी त्यास 'वंदनीय' म्हणून घोषित केले. आणि आज देशोदेशीची व्यसनाशी झगडणारी माणसे व त्यांच्या घरची मंडळी त्याच्या नावाने देवापाशी साकडे घालतात.

वाचकहो, या माणसाने मठ स्थापला नाही की ग्रंथ लिहिला नाही. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने दारू सोडली व पुढील एकेचाळीस वर्षे तो तिला शिवला नाही, एवढीच त्याची करणी. परंतु संध्याकाळी अंगणात अडखळते पाऊल वाजले की ज्या घरातील मुले पुस्तके मिटून निमूटपणे आतल्या खोलीत जातात, त्या घरातील माउलीला विचारा. हे 'एवढेच' केवढे मोठे आहे ते ती सांगेल. तिच्यासाठी व तिच्या धन्यासाठी हा लेख लिहीत आहे.

व्यसन जडते कसे?

मॅट हा एका गरीब कुटुंबातील बारा भावंडांपैकी दुसरा. बापही पिणारा. बाराव्या वर्षी पोर कामाला लागले ते मद्याच्या व्यापाऱ्याकडे. आणि थोड्याच दिवसांत ते झिंगून घरी येऊ लागले. पुढे बांधकामावर विटाचुन्याची ओझी वाहून मिळणारी मजुरी तो गुत्त्यात नेऊन देई. पैसे सरले म्हणजे उधारी, उधारी मिळेनाशी झाली म्हणजे पायांतील बूट गहाण. एकदा तर रस्त्यावर सारंगी वाजवून पोट भरणाऱ्या एका आंधळ्याची सारंगीच त्याने व त्याच्या साथीदारांनी चोरली आणि तिचे पैसे दारूत घालविले.

असा माणूस पाहिला म्हणजे आपण म्हणतो, 'त्याला लाजच नाही.' वस्तुतः लाज त्यास असते, पुष्कळ असते. तीच बुडविण्यासाठी तो पुन्हा पितो. वैद्यकशास्त्र याचा उलगडा असा करते. मद्य हे मेंदूचे कार्य मंद करणारे द्रव्य आहे. ते नित्य पोटात जाऊ लागले म्हणजे मेंदू तोल राखण्यासाठी उलट दिशेने जोर लावू लागतो. चिखलात रुतलेली गाडी ओढणारा बैल जसा सर्व बळ एकवटून पुढे झुकलेला असतो, तशी त्याची स्थिती होते. अशा वेळी जोते एकाएकी तुटले तर बैल तोंडघशी पडणारच. त्याचप्रमाणे वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली, तर काही तासांतच हात कापू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. कित्येकांना पहिल्या दोन दिवसांत आकडी येते. काहींना दुसऱ्यातिसऱ्या दिवसापासून भ्रम होतो, भिंतींवर किडे दिसू लागतात. आणि उपचार न झाल्यास मृत्यूही ओढवतो. सकाळी उठल्याबरोबर पेला शोधणारा माणूस पुष्कळदा सुखासाठी पीत नसतो, थरथरणारा हात स्थिर व्हावा म्हणून पीत असतो.

यास्तव, अशा माणसास खोलीत कोंडून 'आता कशी सुटत नाही ते पाहू' म्हणणे हा जिवावरचा खेळ आहे. पहिले काही दिवस त्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवावे. तेथे योग्य औषधे व ब-१ जीवनसत्त्व देऊन हा धोका टाळता येतो.

'मग हे पाप नव्हे काय?' असा प्रश्न कोणी विचारील. जडलेल्या सवयीमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असे ख्रिस्तसभाही शिकविते. परंतु कमी होणे म्हणजे नाहीशी होणे नव्हे. मधुमेह झाला यात रोग्याचा दोष नसेल. पथ्य पाळणे मात्र त्याच्याच हाती असते. व्यसनी मनुष्याचेही तसेच आहे. आपण आजारी आहो हे कबूल करणे आणि मदतीचा हात धरणे, हे त्याचे कर्तव्य त्याच्यावाचून दुसऱ्या कोणालाही पार पाडता येत नाही.

थोड्या मुदतीचे मोठे बळ

१८८४ सालची गोष्ट. काही दिवस मॅटला काम नव्हते, खिशात दमडी नव्हती. मजुरीच्या दिवशी तो गुत्त्याजवळच्या कोपऱ्यावर उभा राहिला. ज्यांना आपण आजवर पाजले, त्यांपैकी कोणीतरी आज आपणास पाजील, अशी त्याची आशा. एकेक सोबती समोरून निघून गेला; एकानेही त्यास आत बोलाविले नाही. तो घरी परतला आणि आपण दारू सोडण्याची शपथ घेणार असल्याचे आईस सांगितले. आईने त्यास देवाच्या नावाने जाण्यास सांगितले. मात्र पाळणार असशील तरच शपथ घे, असेही बजावले. त्याच दिवशी त्याने पापनिवेदन केले व शपथ घेतली, तीही जन्माची नव्हे, केवळ तीन महिन्यांची!

ते तीन महिने त्यास फार जड गेले. मुदत संपली की पुन्हा पिणार, असे तो आईला म्हणे. परंतु मुदत संपली तेव्हा त्याने ती वाढविली आणि अखेर शपथ आजन्म केली. आपल्याकडे एखादा पिणारा घरच्यांच्या आग्रहाखातर पवित्र क्रुसापुढे हात ठेवून 'यापुढे कधीही नाही' असे म्हणतो आणि चार दिवसांत मोडतो. मग आपण त्यास खोटारडा ठरवितो. 'कधीही नाही' हा डोंगर पाहूनच त्याची छाती दडपते. 'आज नाही' एवढे मात्र तो पेलू शकतो. आणि उद्या उजाडले म्हणजे उद्याही 'आज'च असते.

मॅटने दुसरेही शहाणपण केले. संध्याकाळ हीच धोक्याची वेळ हे ओळखून ती वेळ त्याने देवालयात घालविण्यास आरंभ केला. एकदा मोह अनावर होऊन तो गुत्त्यात शिरलाही. परंतु गर्दीत त्याच्याकडे लवकर कोणी लक्ष दिले नाही, तेव्हा तो बाहेर पडला आणि तडक देवालयात गेला. त्या दिवसापासून त्याने खिशात पैसे बाळगणेच सोडले. आपल्या मनोनिग्रहावर विसंबून न राहता त्याने वाटच बंद केली. कारण शरीरातून दारू गेली तरी मेंदूत पडलेली पायवाट पुष्कळ काळ बुजत नाही. ठराविक वेळ, ओळखीचा वास, पगाराचा दिवस, जुना सोबती यांपैकी काहीही त्या वाटेवर पुन्हा पाऊल टाकावयास लावते.

एकट्याने होत नाही

मॅटच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९३५ साली, अमेरिकेतील अॅक्रन शहरी बिल विल्सन व डॉक्टर बॉब स्मिथ हे दोन मद्यपी एकमेकांस भेटले. एका मद्यप्याचे मन दुसराच जाणतो, हे त्यांना उमगले आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही चळवळ जन्मास आली. मद्यप्यांना रुग्णालये दारात उभी करीत नसत, अशा काळात त्याच शहरातील सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया या धर्मभगिनीने १९३९ साली डॉक्टर बॉबच्या रोग्यांना खाट मिळवून दिली. बरा होऊन घरी निघालेल्या रोग्याच्या हाती ती येशूच्या पवित्र हृदयाचे पदक ठेवी आणि एक अट घाली: पुन्हा पेला उचलावयाचा झाल्यास आधी हे पदक मला आणून परत द्यावे. त्या पदकामुळे पेल्यापूर्वी थांबण्यास व माणसाशी बोलण्यास एक जागा निर्माण होई.

आपल्या भाषेच्या मुलखातही अशी दारे उघडली आहेत. मुंबईत वांद्रे येथे १९८१ साली फादर जो परेरा यांनी 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. ते स्वतः या व्यसनातून गेलेले होते. पुण्यास १९८६ साली डॉक्टर अनिता अवचट व अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' उभारले. कोठे जावे हे न कळल्यास १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांकावर दूरध्वनी करून विचारता येते.

घरच्यांनी काय करावे?

उपचार करून माणूस घरी येतो, तेथून खरी परीक्षा सुरू होते. तीन गोष्टी विशेष सांगाव्याशा वाटतात.

पहिली, त्याच्या चुकांवर पांघरूण घालू नये. कामाच्या ठिकाणी 'त्यांना ताप आहे' असा निरोप पाठविणे, दुकानदाराची उधारी गुपचूप फेडणे, हे प्रेमापोटी होते खरे. परंतु त्यामुळे व्यसनाचे फळ त्याच्या पदरी पडतच नाही. शिव्याशापांनीही काही साधत नाही. तो शुद्धीवर असताना, शांतपणे, एकदाच, स्पष्ट बोलावे.

दुसरी, जाहिरातींना भुलून त्याच्या नकळत जेवणात औषध कालवू नये. डायसल्फिराम नावाचे औषध घेतलेल्या माणसाच्या पोटात दारू गेली तर छाती धडधडते, रक्तदाब खालावतो, प्रसंगी प्राणावर बेतते. हे औषध त्याच्या संमतीने व डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावयाचे असते.

तिसरी गोष्ट शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी. आपल्याकडे आग्रह हे आतिथ्याचे भूषण मानतात. गोव्याच्या खेड्यांत लादाईन आटोपली की उकडलेल्या चण्यांबरोबर फेणीचा पेला फिरतो. लग्नात, फेस्ताला 'एक घोट, सणापुरता' म्हणून हाती पेला कोंबला जातो. व्यसनातून उठलेल्या माणसास तो एक घोटच पुन्हा गर्तेत लोटतो. त्याच्या पुढ्यात न विचारता कोकमाचे सरबत ठेवावे आणि त्यावर थट्टा करू नये. हे आतिथ्य थोर होय.

एवढे करूनही तो पुन्हा घसरला तर? पुष्कळजण घसरतात. ताप उलटला म्हणून रोग्यास कोणी घराबाहेर काढीत नाही. पुन्हा वैद्याकडे नेतो. येथेही तसेच करावे, आणि विलंब न लावता करावे. गर्द किंवा तत्सम अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात तर अधिकच जपले पाहिजे. कारण मध्यंतरी सुटलेल्या शरीरास पूर्वीचे प्रमाण सोसत नाही, व जुनीच मात्रा प्राणघातक ठरते. मात्र क्षमा करणे म्हणजे मार खात राहणे नव्हे. जेथे पत्नीवर वा मुलांवर हात उगारला जातो, तेथे त्यांनी आधी सुरक्षित आसरा गाठावा.

मॅट टॅलबटने पुढे आपली सर्व जुनी देणी हिंडून हिंडून फेडली. तो आंधळा सारंगीवाला मात्र त्यास शोधूनही सापडला नाही. तेव्हा त्याच्यासाठी त्याने मिस्सा अर्पण करविल्या. काही नुकसान भरून येते, काही येत नाही. घरोघरी तसेच आहे. ज्याला दारू सोडवत नाही त्याच्याविषयी मॅट कधी कठोर बोलत नसे. ते किती अवघड आहे हे त्यास ठाऊक होते, आणि देवाला ते अशक्य नाही हेही त्याने अनुभवले होते.

आज रात्री जपमाळेस बसताना आपल्या वाड्यातील अशा एका माणसाचे नाव मनात आणा. आणि उद्या तो वाटेत भेटला तर मान फिरवू नका. थांबा, त्याची विचारपूस करा.