विद्येचे घर मोठे, घरपट्टी शेजाऱ्याला

ग्रामपंचायतीची घरपट्टी भरताना आपण थोडे कुरकुरतो. पण गावचे दिवे, नळ, गटारे त्याच पैशावर चालतात, हेही आपण जाणतो. आता समजा, गावातली निम्मी घरे करातून सुटली, तर त्यांचा वाटा कोणी उचलायचा? अमेरिकेतील न्यू हेवन शहराला हा प्रश्न अनेक वर्षे भेडसावत आहे.

तेथे येल हे नामांकित विद्यापीठ आहे. त्याचे नाव आपल्या देशाशीही जोडलेले आहे. एकेकाळी मद्रासेत ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर असलेल्या एलिहू येल याने १७१८ साली तेथील लहानशा कॉलेजाला पुस्तके आणि कापडाचे गठ्ठे पाठवले. माल विकून ५६२ पौंड आले आणि कॉलेजाला त्याचे नाव मिळाले. आज त्याच संस्थेची गंगाजळी ४,००० कोटी डॉलरांच्या वर गेली आहे.

अमेरिकेत गावच्या शाळा, पोलीस, आगीचे बंब यांचा बराच खर्च मालमत्ता करातून भागतो. विद्यादानाच्या इमारतींना मात्र कर माफ असतो. विद्यापीठ, रुग्णालय, चर्च, सरकारी कचेऱ्या धरून न्यू हेवनमधील निम्म्याहून अधिक मालमत्ता करमुक्त आहे. उरलेला भार साध्या घरमालकावर पडतो आणि भाडेकरू तो भाड्यातून सोसतो.

दुसरी बाजूही पाहा. शहरात सर्वांत जास्त नोकऱ्या येलच देते. विद्यार्थ्यांमुळे दुकाने, खाणावळी चालतात. विद्यापीठाने भाड्याने दिलेल्या दुकानांवर करही भरला जातो.

मग तोड काय निघाली? १९७८ पासून राज्य सरकार बुडालेल्या कराची काही भरपाई शहराला देते. येलही स्वखुशीने रक्कम देत आले. २०२१ साली करार होऊन ती वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरांवरून सुमारे २ कोटी ३० लाखांवर नेण्यात आली. प्रिन्स्टन गावी तर रहिवासी कोर्टात गेले. २०१६ साली विद्यापीठाने १ कोटी ८० लाखांहून अधिक डॉलर देण्याचे मान्य करून तो दावा मिटवला.

कर हा हक्काचा वाटा असतो, देणगी मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर असते. विद्येचा दिवा तेवत राहावा, हे खरे. पण त्यात तेल एकट्या शेजाऱ्यानेच का घालावे? आपल्या गावी मोठी संस्था आली, तर तिचे स्वागत जरूर करा. मात्र रस्त्याचा, पाण्याचा खर्च कोण देणार, हे ग्रामसभेत आधीच विचारून घ्या.