आधी घाट, मग इंजिन

नाणं जेमतेम ३४ मिलिमीटर रुंदीचं. कडेनं चांदीचं कडं आणि मधोमध हिरवी चकती. तो हिरवा रंग पाचूसारखा झळझळीत नाही. पावसाळ्यानंतर सह्याद्रीच्या उतारांवर उन्हात दिसतो तसा, थोडा धातूची चमक धरलेला. व्हिएन्नाच्या टांकसाळीनं २००४ साली काढलेलं हे पंचवीस युरोंचं नाणं. ऑस्ट्रियातल्या सेमरिंग घाटातून पहिली प्रवासी गाडी गेली त्याला त्या वर्षी दीडशे वर्षं होत होती. पन्नास हजार नाणी पाडली गेली. ऑस्ट्रियातल्या दुकानात ते पंचवीस युरो म्हणून कायद्यानं चालतं, शेजारच्या जर्मनीत चालत नाही. अर्थात, ते खर्चायला कुणी काढत असेल असं वाटत नाही.

ही टांकसाळ आपला जन्म ११९४ सालचा सांगते. इंग्लंडचा राजा रिचर्ड धर्मयुद्धावरून परतताना ऑस्ट्रियाच्या ड्यूकच्या हाती सापडला. त्याच्या सुटकेसाठी जी चांदी मिळाली, तिची नाणी पाडण्यापासून या टांकसाळीची सुरुवात धरतात. चांदी हाताळण्यात आठशे वर्षं मुरलेल्या या टांकसाळीनं २००३ साली चांदीच्या कड्यात नायोबियम बसवलं. जगात असं नाणं आधी झालं नव्हतं. पहिलं निळं होतं, तिरोलमधल्या हाल या गावासाठी. दुसरं हे हिरवं.

हिरव्या रंगाची गंमत अशी की त्यात रंग नाहीच. नायोबियम मुळात करड्या रंगाचा धातू. तो विशिष्ट द्रावात बुडवून त्यातून वीज सोडली की त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कितीतरी पातळ. उजेडाचा काही भाग पापुद्र्याच्या वरून परततो, काही खालच्या धातूवरून, आणि दोन्ही एकमेकांत मिसळताना काही रंग विरतात, काही उठून दिसतात. पहिल्या पावसात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर जे इंद्रधनुष्य दिसतं, तेच हे. विजेचा दाब बदलला की पापुद्र्याची जाडी बदलते आणि रंगही. इथे तो नेमका हिरव्यावर थांबवला आहे. सेमरिंगची झाडी पाहिलेल्याला वेगळा कुठला रंग सुचलाच नसता.

पण मला या नाण्यावर जे सर्वांत आवडतं ते दोन इंजिनांचं चित्र. एका बाजूला, वरच्या अर्ध्यात आजचं विजेवर चालणारं टॉरस. निघताना पेटीवर कुणी सप्तक चढत जावं तसा सूर काढणारं. त्याच्या खाली एंगर्थ, आल्प्सचा चढ खऱ्या अर्थानं पेलणारं पहिलं वाफेचं इंजिन. हे खालचं इंजिन तिथं असण्याला मोठा अर्थ आहे, कारण घाट बांधायला घेतला तेव्हा ते अस्तित्वातच नव्हतं.

हा घाटमार्ग आखणारा कार्ल फोन गेगा हा व्हेनिसमध्ये जन्मलेला अभियंता. १८४२ साली तो अमेरिकेत जाऊन तिथले चढाचे रेल्वेमार्ग बघून आला. डोंगर चढायचा तर दोरानं गाडी ओढावी, असं सांगणारे जाणकार तेव्हा पुष्कळ होते. गेगा म्हणत राहिला की साधी चाकं साध्या रुळांवर हा चढ चढतील. १८४८ साली काम सुरू झालं. ग्लोग्निट्स ते म्युर्त्सुश्लाग, ४१ किलोमीटर. कावळा सरळ उडाला तर याच्या निम्म्या अंतरात पोचेल. १४ बोगदे, १६ उंच कमानपूल, चाळिसात एक असा चढ. माथ्यावरचा बोगदा चौदाशे मीटरांहून लांब, आणि डायनामाइटचा शोध लागायला अजून बरीच वर्षं होती. हातातला छिन्नी-हातोडा आणि काळी दारू, एवढ्यावर डोंगर फोडायचा. वाइन्झेट्टलवांडच्या कड्याखाली १८५०च्या ऑक्टोबरात दरड कोसळून १४ मजूर गेले, तेव्हा मार्ग कड्याच्या पोटात घ्यावा लागला. टायफस आणि कॉलऱ्यानं तर शेकडो माणसं गेली. नाण्यावर त्यांच्यासाठी जागा नाही. ती चांदी हाती घेताना मला मात्र ती माणसं आठवतात.

रूळ अजून अर्धवट असताना १८५१ साली इंजिनांची स्पर्धा ठेवली गेली. चार इंजिनं उतरली. बव्हेरिया नावाचं म्युनिकचं इंजिन जिंकलं, पण त्याच्या साखळ्या रोजच्या वापरात टिकणाऱ्या नव्हत्या. बाकीची तीनही जशीच्या तशी घाटात चालवण्याजोगी नव्हती. मग विल्हेल्म एंगर्थनं इंजिन आणि कोळसा-पाण्याचा टेंडर खिळ्यावर असे जोडले की टेंडर बॉयलरचा थोडा भार घेईल आणि वळणावर दोन्ही सांधे वाकल्यासारखी फिरतील. १८५४च्या जुलैत प्रवासी गाडी घाट चढून गेली. आधी घाट, मग इंजिन. अशा भरवशावर देशाचा पैसा लावणारी माणसं होती, याचं मला अजून नवल वाटतं.

गेगा याआधीही पैशावर आला होता. १९६७च्या वीस शिलिंगच्या नोटेवर एका बाजूला त्याचा चेहरा आणि दुसरीकडे सेमरिंगचा पूल होता.

कर्जत-लोणावळ्याच्या माणसाला हे सगळं ऐकताना घरचं वाटेल. आपला बोरघाट १८६३ साली खुला झाला, म्हणजे सेमरिंगनंतर नऊ वर्षांनी. २५ बोगदे आणि सदतिसात एक, म्हणजे सेमरिंगहून कडक चढ. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आल्यावर काही आठवड्यांतच वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिनं काम पुढं नेलं. कॉलरा इथंही होता. २००३ साली आपल्या रेल्वेच्या दीडशे वर्षांचं दोन रुपयांचं नाणं निघालं. त्यावर हाती कंदील घेतलेला रेल्वेचा शुभंकर भोलू हत्ती होता. भोलू गोड आहेच, पण घाटातला एखादा बोगदा एखाद्या नाण्यावर यावा असं मला मनापासून वाटतं. मुंबईची टांकसाळ तर त्या घाटापासून दूरही नाही.

सेमरिंगच्या डोंगराखाली आता २७ किलोमीटरांचा नवा बोगदा खोदून झाला आहे. २०१२ साली काम सुरू झालं, शेवटची भिंत नोव्हेंबर २०२४ मध्ये फुटली. गाड्या धावू लागल्या की व्हिएन्ना-ग्रात्सचे प्रवासी डोंगराच्या पायथ्यातूनच आरपार जातील. युनेस्कोच्या जागतिक वारशातला गेगाचा मार्गही वर राहणारच आहे. नव्या बोगद्यासाठी नवं नाणं निघालं, तर वरच्या अर्ध्यातलं टॉरस खाली जाईल की काय, आणि त्याच्या जागी कुठलं इंजिन येईल, याची मला उत्सुकता आहे. या खेपेला ते इंजिन आधीच तयार असेल.