तळ्यांतील पंगत

भंडारा जिल्ह्याला तळ्यांचा जिल्हा म्हणतात. गोंड राजांच्या काळापासून कोहळी मंडळींनीं बांधलेल्या या तळ्यांचें पाणी धानाच्या बांध्यांस पोचतें, हें सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच पाण्यांत रोज किती निरनिराळ्या रीतींनीं भोजनें होतात, इकडे आपलें लक्ष क्वचितच जातें.

मत्स्यन्याय वाचकांस परिचित आहेच. मरळीच्या बाबतींत तो अक्षरशः खरा आहे. परंतु कटला, रोहू आणि मृगळ हे तिघे एकाच तळ्यांत वाढूनही एकमेकांच्या पानांत फारसा हात घालीत नाहींत. कटल्याचें तोंड वरच्या बाजूस वळलेलें असतें. तो पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म जीव टिपतो. रोहू मधल्या थरांत वनस्पतिजन्य अन्न घेतो, तर मृगळ तळच्या गाळांतील कुजलेलें अन्न शोधतो. म्हणूनच हे तिन्ही मासे एकत्र सोडण्याची रीत पडली. आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं मासा येत नसेल. तरी इतकी शिस्त एकत्र कुटुंबाच्या पंगतींतही सहसा दिसत नाहीं, हें ते मान्य करतील.

कांठावर उभ्या असलेल्या मुग्धबलाकाची चोच मिटली तरी मध्यें फट राहते. अशी चोच घेऊन हा पक्षी गोगलगायीचें मांस शंखांतून अलगद बाहेर काढतो.

वनस्पति आपलें अन्न आपण तयार करते, हें पाठ्यपुस्तकांतील वाक्य खरें आहे, पण पुरें नाहीं. तळ्यांत युट्रिक्युलेरिया नांवाची मूळ नसलेली एक वनस्पति तरंगते. (कासच्या पठारावर फुलणारी सीतेची आसवें हिच्याच कुळांतली.) हिच्या अंगावर बारीक पिशव्या असून प्रत्येकीस एक दार असतें. दाराजवळच्या केसांस एखाद्या जलकीटकाचा स्पर्श झाला कीं दार उघडतें, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आंत तो पाण्यासह आंत ओढला जातो. साखर ही वनस्पतिही सूर्यप्रकाशांतच करते. पाण्यांत जें नत्र अपुरें पडतें, तेवढें ती शिकारीवर भागविते.

भंडाऱ्याचा कोसा प्रसिद्ध आहे. त्याचा सुरवंट ऐन व अर्जुन यांचीं पानें अधाशासारखीं खातो. मात्र कोशांतून निघालेल्या पतंगास कामाचें तोंडच नसतें. बाळपणीं सांठविलेल्या शिदोरीवर तो आपले थोडे दिवस काढतो.

या पंगतींत अलीकडे एक आगंतुक शिरला आहे. १९५१ सालीं मालगुजारी संपून तळीं सरकारकडे गेलीं, आणि पुढें कित्येक तळ्यांची निगा कमी झाली. दक्षिण अमेरिकेंतून आलेल्या बेशरमीनें उथळ कांठ व्यापले. तिची पानें विषारी असल्यामुळें गुरें तिला सहसा तोंड लावीत नाहींत. ती स्वतः सूर्यावर पोसते आणि दुसऱ्या कोणास पोसूं देत नाहीं. कारण याच उथळ पाण्यांत देशी पाणवनस्पति उगवतात व त्यांच्या आडोशानें मासे अंडीं घालतात. तेथें जागा उरली नाहीं, कीं पहिला फटका ढिवर कुटुंबांच्या चुलीस बसतो.

जुन्या भंडारा जिल्ह्याचा जो भाग १९९९ सालीं गोंदिया जिल्हा झाला, तेथील ढिवर स्त्रियांनीं कांहीं तळ्यांतून ही बेशरम मुळासकट उपटली. तळें आटलें असतां त्यांनीं त्याचा तळ नांगरला आणि पाणी आल्यावर दुसऱ्या तळ्यांतून आणलेल्या देशी पाणवनस्पति हातांनीं लावल्या. अशा तळ्यांत देशी मासे पुन्हां दिसूं लागले आहेत.