आराखड्याशिवायचं मैदान

गोल्फचं मैदान म्हटलं की कातरलेली हिरवीगार बाग डोळ्यांपुढे येते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचा सेंट अँड्र्यूजचा 'ओल्ड कोर्स' मात्र उंचसखल, वाळवट माळ आहे. अशा किनारी मैदानांना 'लिंक्स' म्हणतात, आणि त्यांची घडण सुरू झाली ती हिमयुगात!

बर्फाच्या प्रचंड ओझ्याखाली इथली भूमी दबली होती. बर्फ वितळला तशी ती हळूहळू वर आली, समुद्र हटला आणि वाळू उघडी पडली. वाऱ्याने तिच्या टेकड्या रचल्या, लांब मुळांच्या गवताने त्या धरून ठेवल्या. शेतीला निरुपयोगी म्हणून ही जमीन मेंढ्यांना नि सशांना मोकळी राहिली. त्यांनी चरून चरून गवत आखूड ठेवलं. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्या खोलगट जागी बसत. तिथली वाळू उघडी पडून बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, तयार झाले, असं सांगतात. ओल्ड कोर्सवर ते ११२ आहेत.

खेळाची रीतही वाळूनेच ठरवली. पावसाचं पाणी लगेच मुरतं, जमीन टणक राहते आणि चेंडू पडल्यावरही लांबवर घरंगळतो. त्यात समुद्राचा वारा. म्हणून जाणते खेळाडू चेंडू उंच न उडवता वाऱ्याखालून ठेवतात. पुढचं जमिनीचे चढउतार बघून घेतात.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो इथला हिशोब. पूर्वी एका फेरीत २२ होल, म्हणजे चेंडू खळीपर्यंत नेण्याचे २२ टप्पे, खेळत, कारण बहुतेक होल जाताना आणि येताना दोन्ही वेळा लागत. १७६४ साली पहिले चार छोटे होल जोडून दोन केले. दोन जाताना घटले, दोन येताना, उरले १८! पुढे जगाने तोच आकडा उचलला. आजही सात ग्रीनवर, म्हणजे खळीभोवतीच्या हिरवळींवर, दोन-दोन होल आहेत: दुसऱ्याबरोबर सोळावा, तिसऱ्याबरोबर पंधरावा. कोणतीही जोडी घ्या, बेरीज अठराच.

हे सारं नाहीसंही झालं असतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही जमीन सशांची पैदास करणाऱ्यांच्या हाती गेली, वर्षानुवर्षं भांडणं नि कोर्टकचेऱ्या चालल्या. १८२१ साली जेम्स चीप या जमीनदाराने ती विकत घेऊन गोल्फसाठी राखली, म्हणून हा खेळ इथे टिकला.

सेंट अँड्र्यूजला जाणं झालं तर रविवार गाठा. त्या दिवशी एरवी खेळ बंद असतो आणि या गवतावरून कुणीही फुकट फिरू शकतं.